चौथा पाय

दुबईत अल मनखूलमधल्या बहिणीच्या घरून सकाळी निघालो. बरोबर भाची होती. "मामा, बीचवर जाऊ या ना, म्युझियम इज बोरिंग," ती तासभर सांगत होती. गवताचं पातं नसलेले डोंगर संपले आणि खोर फक्कानचं बंदर दिसलं. धक्क्यावर कंटेनरांचे रंगीत ढीग होते. गावातली सगळ्यात बोलकी कलाकृती तीच, हे नंतर कळलं.

संग्रहालय एकाच अतिवास्तववादी कलावंताचं. या युरोपियन गृहस्थाने जन्मभर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची टर उडवली. इथल्या एका धनिकाने त्याचं सगळं काम घाऊक विकत घेऊन संगमरवरी दिवाणखान्यात मांडलं होतं.

आमचं मराठी ऐकून पॉलिशचं फडकं घेतलेले एक गृहस्थ जवळ आले. "खंयचे (कुठले) तुमी?" कुडाळकडचे बाबी मेस्त्री, इथले एकमेव सुतार. त्यांनी मला थेट मधल्या चौथऱ्याकडे नेलं. वर एक खुर्ची, खाली पितळी पाटी : 'तोल'.

"पेटीत तीनच पाय इले. म्हटलंय, चौथो बोटीत पडलो असतलो. केलंय नवीन. सांदो (सांधा) गावता काय, बघा!"

सांधा सापडला नाही. महिनाअखेर त्यांचा व्हिसा संपत होता. खुर्चीवर खूश होऊन मॅनेजर नव्या व्हिशाबद्दल इन्शाल्ला म्हणाला होता. "म्हंजे झालाच समजा," मेस्त्री म्हणाले आणि मागच्या वर्कशॉपमध्ये गेले.

दाराशी सुटातला मॅनेजर अभिप्रायाची वही घेऊन उभा होता. "कैसा लगा, साहब? इंडिया में ऐसी चीज़ कहाँ!"

मी टेबलावरचा जाडजूड कॅटलॉग उघडून त्याच्यापुढे धरला. फोटोत खुर्ची तीन पायांवर कलती उभी होती. "आपकी कुर्सी को एक पैर ज़्यादा है," मी म्हणालो.

मेस्त्री तेव्हा डोक्यात नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल. होते. पण मॅनेजरचा चेहरा पडलेला पाहण्याची हौस जास्त होती. चेहरा छान पडला. वहीत मी सही केली, तीही इंग्रजीत.

दहा दिवसांनी परतीच्या विमानात दोन रांगा पुढे बाबी मेस्त्री दिसले. मला ओळखून शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसले.

"खलास. व्हिसा कॅन्सल. कोण एक शिकलेलो इलो नि खोट काढल्यान." तो शिकलेला कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी पंच्यात गुंडाळलेला खुर्चीचा पाय काढला. "माझ्याचकडसून कापून घेतल्यानी. तुमीच सांगा, माझा काय चुकला?"

"काही नाही," मी म्हणालो.

पाय हातात घेऊन फिरवून पाहिला. उत्तम काम होतं. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? त्या अख्ख्या संग्रहालयात मला मनापासून आवडलेली वस्तू ही एवढीच. ती तिथे राहू नये याची व्यवस्था मी स्वतः करून आलो होतो.