नंदकुमारांचं नाक

पावणे गावच्या एमआयडीसीतल्या तेल शुद्ध करायच्या त्या कारखान्यात आपल्याशिवाय कोणालाच अक्कल नाही, असं नंदकुमारांचं ठाम मत होतं. शेठला तर पेट्रोल विहिरीतून तयारच निघतं असं वाटायचं. कप्पाळ! अहो, समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी बसले, त्यांच्यावर गाळाचे थर चढले, कोट्यवधी वर्षं ते दाबाखाली शिजले, तेव्हा कुठे ते काळं कच्चं तेल झालं. पण या गाढवांना सांगणार कोण?

तेल भट्टीत तापवलं की आधी हलकं पेट्रोल वाफ होऊन वर येतं, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाला उरतं डांबर. वाफ थंड करून ज्याची त्याची टाकी भरायची. पेट्रोल संपून रॉकेल कधी लागलं, हे ओळखण्यातच सगळी मेख. नंदकुमार ते नुसत्या वासावर ओळखायचे आणि थर्मामीटर बघणाऱ्यांना कारकून म्हणायचे.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांना सर्दी जडली, ती जाताना वास घेऊन गेली. आता रॉकेल आणि केवड्याचं अत्तर त्यांना सारखंच. शेठला कळलं तर त्याच दिवशी घरी बसवणार, म्हणून ते नमुन्याची बाटली नाकाला लावून डोळे मिटायचे आणि अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवायचे.

चारेक महिन्यांनी लॅबमध्ये नव्यानेच लागलेल्या वैशालीने रॉकेलच्या टाकीतला नमुना तापवून पाहिला. त्याने फारच लवकर पेट घेतला. म्हणजे पेट्रोल मिसळलेलं. स्टोव्हमध्ये गेलं तर भडकाच. ती सांगायला आली, तर नंदकुमारांनी शेठसमोरच तिची बीएस्सी काढली. पुस्तकं चाटून तेल कळत नसतं, वगैरे वगैरे.

तिने वाद घातला नाही. आत जाऊन एक तपकिरी बाटली आणली आणि त्यांच्यापुढे धरली. एक थेंब बोटावर चोळला असता तरी पुरे झालं असतं. पण काल आलेल्या पोरीसमोर यांनी बोट बुडवायचं? छे! त्यांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले.

"शुद्ध रॉकेल," ते म्हणाले. "तुझं यंत्र भंगारात दे."

"काका, नळाचं पाणी आहे ते."

शेठने बाटली हुंगली. त्याला दिवाळीनंतरची ती सर्दी आठवली. मग नंदकुमारांकडे न बघता त्याने वैशालीला विचारलं, की दिवाळीपासून असा किती माल लोकांच्या घरात गेला असेल. ते फक्त नंदकुमारच सांगू शकले असते, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं.