लूम थांबले तेव्हा

आमच्या जुन्या आळीतली बाग म्हणजे चार बाक, एक घसरगुंडी आणि एक कडुनिंब. पाठच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे, त्यामुळे इथे ओरडूनच बोलावं लागतं. मला त्याचा वैताग येतो. आमच्या ह्यांना नाही. त्यांचं सगळं आयुष्य लूमवर गेलं, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. नवीन माणसाला वाटतं, हे नवरा-बायको रोज संध्याकाळी भांडायलाच बागेत येतात.

परवा ते असेच माझ्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होते आणि लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. ह्यांचा आवाज मात्र तसाच चढलेला राहिला, “या साडीत तू अजून नवरीसारखी दिसतेस.”

बाकांवरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

“लाज नाही वाटत?” मी दबक्या आवाजात म्हटलं.

“खोटं न्हाय बोललो,” ते तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले.

मग लाइट आली, लूम सुरू झाले आणि ते पुढे जे बोलले ते मला ऐकूच आलं नाही.

लाइट गेली की शिव्या घालणारी मी आता संध्याकाळी तीच साडी नेसून बागेत बसते आणि लाइट जायची वाट बघते.