लेबनॉनची लाल वाइन आणि आंग मो किओतली भरली वांगी

सिंगापूरहून आलेलं वशाचं पत्र दोनच ओळींचं होतं. "काळा मसाला घेऊन ये. बाटली अजून उघडलेली नाही." तेवढ्यावर मी पासपोर्ट काढला. गोष्ट नव्वदच्या दशकातली, मी निवृत्त झालो त्या वर्षीची.

वशा माझा शाळेतला बाकसोबती. तो पुढे जहाजावर इंजिनिअर झाला. मी पुण्यात कचेरीला चिकटलो आणि कवितेच्या तासाला कानात जे बसलं त्यावर आयुष्य काढलं. तो मला अजून यमक्याच म्हणायचा. बैरुतच्या बंदरात त्याने ही लाल वाइन घेतली, तेव्हा विकणारा म्हणाला होता, तोफा चालू होत्या, तरी यातली द्राक्षं आम्ही वेळेवर खुडली. तेव्हाच वशाने ठरवलं, ही यमक्याबरोबर प्यायची.

सिंगापूरच्या विमानतळावर तेव्हा एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, नव्हती. आता आहे, टॅक्सीच्या फंदात पडू नका. मी टॅक्सीने आंग मो किओ नावाच्या वस्तीत पोचलो. वशा मुलाच्या, निखिलच्या, फ्लॅटमध्ये राहायचा. पहिल्याच जेवणात निखिल म्हणाला, "काका, बाबांची ती बाटली शनिवारी उघडतोय. मॅनेजर जेवायला येतायत. रोस्ट लँब करतोय."

"मी शुक्रवारी निघतोय," मी म्हणालो.

"हो, पण ती रेड ब्लेंड आहे काका. कॅबर्ने, सँसो, कारिन्यां. वांग्याबिंग्याबरोबर फुकट जाईल."

वशा ताटात बघत राहिला. वादळात जहाजाची इंजिनं चालवलेला माणूस. मला ते सहन झालं नाही.

"ब्लेंड म्हणजे काय रे?"

"मिक्स. तीन द्राक्षांचं."

"मग मिसळ म्हण की. मिसळीला कसलं आलंय सोवळं?"

वशा गालात हसला.

गुरुवारी निखिल ऑफिसला गेला आणि आम्ही डबल डेकर बसने टेक्का मार्केट गाठलं. वांगी घ्यायची तर सकाळीच जा, लहान आणि काटेरी देठाची तेव्हाच मिळतात. परतताना हॉकर सेंटरमधून, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतून, काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे साटे बांधून घेतले. वांगी वशाने भरली: दाणे, खोबरं, चिंच, गूळ आणि माझा मसाला. बूच काढायचं हत्यार सापडेना. वशाने बुचात लाकडाचा स्क्रू पिळला आणि पक्कडीने ओढला.

"चाळीस वर्षं हेच केलं," तो म्हणाला.

पहिला घोट नुसताच घेतला. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी आवळते, तसं झालं. मग वांगं. मसाल्यातलं दगडफूल त्या वाइनमधल्या धुराला जाऊन भेटलं. यमक असंच असतं. दोन ओळी वेगवेगळ्या घरच्या, शेवटच्या अक्षराला हात धरतात. साट्याची जळकी कड आणि त्याबरोबरची शेंगदाण्याची चटणी, तिथेही जुळलं. कालच्या बांगड्याच्या आमटीशी मात्र नाही. पितळेचं भांडं चाटल्यासारखं लागलं, तो नाद करू नका. पण कशाशी काय जुळतं हे जिभेने ठरवायचं, शनिवारच्या पाहुण्याने नाही.

निखिलसाठी एक ग्लास आणि दोन वांगी झाकून ठेवली.

संध्याकाळी तो दारातच थांबला. "बाबा, उघडलीत?"

या वेळी वशाने मान वर केली. "माझी होती. उघडली."

"आणि मॅनेजरना काय देऊ?"

"लँब दे. चांगलं लागतं."

निखिल खोलीत गेला, दार लागलं. शुक्रवारी सकाळी ग्लास आणि वाडगं घासून पालथं घातलेलं होतं. खाल्लं की टाकलं, आम्ही विचारलं नाही.

ते बूच, स्क्रूसकट, अजून माझ्या टेबलावर आहे. वास कधीच उडाला. रोस्ट लँब मी आजवर खाल्लेलं नाही, आणि त्याने माझं काही अडलंही नाही.

महिन्याभराने वशाचं पत्र आलं. तेही दोनच ओळींचं.

"मसाला संपला. मी नाही संपवला."