बाईंनी लावलेल्या बाह्या

बाईंनी पैशांचे पाकीट उचलले, समोरच्या गृहस्थांच्या सदऱ्याच्या खिशात परत घातले आणि ते पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून खिशावर क्षणभर तळहात ठेवला.

"अहो, पण तुमचं नुकसान का व्हावं?" गृहस्थ म्हणाले. "दर महिन्याला मी आणून देईन. तुम्ही पगार म्हणून माझ्या मुलाच्या हातात द्या. त्याला वाटेल, आपण कमावतो."

"त्याला शिवता येतं का?"

"येतं. रीतसर शिकलाय. पण मध्येच बंद पडतो. चार दिवस, कधी आठ दिवस."

"मग पगार मी देईन. तुमच्या पैशानं दिला तर तो माझा कामगार होत नाही, तुमचा पाहुणा होतो. पाहुणे बसवायला माझ्याकडे जागा नाही."

मी दाराशी उभा राहून हे ऐकत होतो. मराठीत एम. ए. करून मी विद्यानगरच्या खोलीत रिकामा बसलो होतो. शाळांशी पत्रव्यवहार करायला माणूस हवा आहे, असे कोणीतरी सांगितले म्हणून सुलतान बाजारामागच्या त्या गल्लीत आलो होतो. श्रीमती शरयूबाई मुखेडकर यांचे मला झालेले पहिले दर्शन ते हेच. गृहस्थ होते सिकंदराबादचे दत्तात्रयराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाला, मुकुंदला, कॉलेजात असताना मानसिक आजार झाला. त्यानंतरची बरीच वर्षे दवाखान्यात आणि घरात गेली. तो त्या वेळी खाली जिन्यात बसला होता. बाईंनी त्या दिवशी दोन माणसे कामावर घेतली. एक मुकुंद आणि एक मी.

बाईंचा कारखाना शाळेचे गणवेश शिवतो. माणसे वीसच्या आत. त्यातली काही आजारातून उठलेली आहेत, काही अजून आजारासोबत राहत आहेत आणि बाकीची तुमच्या-माझ्यासारखी आहेत. कोण कोणते, हे नवख्याला ओळखता येत नाही. ते ओळखता येऊ नये, याची व्यवस्था बाईंनी केली आहे.

मुकुंद आला तेव्हा काम नऊला सुरू होत असे. त्याच्या रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नसत. तो उशिरा येई, मान खाली घालून जिना चढे आणि दिवसभर कोणाशी बोलत नसे. बाईंनी त्याला सवलत दिली नाही. त्यांनी सगळ्या कारखान्याची वेळ अकरा केली. बाजारही तेव्हाच उघडतो, एवढेच कारण त्यांनी सांगितले. काज-बटणाच्या मशीनवरच्या यादम्मांना आनंद झाला, कारण त्यांना नळाचे पाणी भरून येता येऊ लागले. मुकुंद वेळेवर येऊ लागला.

या धंद्यात पैसे नगावर मिळतात. जितके सदरे शिवाल तितके. बाई महिन्याचा पगार देतात. एकदा कटिंग मास्तर ख्वाजाभाईंनी विषय काढला.

"बाई, मैं इत्ता काम करतूं, मुकुंद आधा करता. पगार दोनों कू बराबर. ये कायका इन्साफ?"

"ख्वाजाभाई, तुमचा हात मोडला होता तेव्हा तुम्ही किती कापड कापलं?"

"वो तो हात था, बाई."

"हौ. आणि हे डोकं आहे."

ख्वाजाभाई हसले आणि कात्रीकडे वळले. पण सगळेच हसले नाहीत. दोन चांगले कारागीर याच कारणाने सोडून गेले. बाईंनी त्यांना अडवले नाही आणि दोषही दिला नाही. कारखाना मोठा झाला नाही, हेही खरे आहे. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

मागच्या बाजूला व्हरांडा आहे. तिथे माठ आहे, दोन स्टुले आहेत. कोणीही "मी बाहेर आहे" म्हणावे आणि तिथे जाऊन बसावे. का, असे विचारायचे नाही. ख्वाजाभाई तिथे विडी ओढतात. मुकुंद भिंतीकडे तोंड करून बसतो. मीही एका मार्चमध्ये, आई गेल्यानंतर, तिथे बराच बसलो. तेव्हा बाई एकदाच बाहेर आल्या, माठातले पाणी प्यायल्या, दुसरा पेला भरून माझ्या शेजारी ठेवला आणि आत गेल्या.

सांत्वन त्यांना जमत नाही. रागावणे जमते. शिवण वाकडी गेली तर त्या सगळ्यांना सारख्याच बोलतात. मुकुंदला त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा आम्ही घाबरलो. "ही कॉलर आहे की कानटोपी?" असे त्या म्हणाल्या होत्या. संध्याकाळी जिना उतरताना मुकुंद मला म्हणाला, "आज मला रागावल्या." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याच्या घरी त्याला कोणी रागावत नसे.

एकदा एक पाहुणे कारखाना पाहायला आले. त्यांना देणगी द्यायची होती आणि दारावर तशी पाटी हवी होती. त्यांनी विचारले, "यातले पेशंट किती?"

"आज दोन," बाई म्हणाल्या. "दोघींना सर्दी झाली आहे."

पाटी लागली नाही. आजाराबद्दल त्या कोणाला सल्ला देत नाहीत. "औषधाचं डॉक्टर बघतील, कॉलरचं मी बघते," एवढेच म्हणतात. मात्र डॉक्टरांकडे जायचा दिवस पगारी असतो आणि तो चुकवलेला त्यांना चालत नाही.

आता गेल्या उन्हाळ्याचे सांगतो. हे लिहू का, असे मी मुकुंदला विचारले. तो म्हणाला, "लिहा. पण बाह्यांचंही लिहा."

शाळा उघडण्याच्या तोंडावर, कामाच्या ऐन गर्दीत, मुकुंद यायचा थांबला. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना होत आला. ख्वाजाभाई म्हणाले, "बाई, सीझन सर पे है. मशीन खाली नक्को रखो. मेरा भांजा है, बिठा देतूं."

"मशीन खाली कहाँ है? मैं बैठतूं."

आणि त्या बसल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन उशा घेऊन, मुकुंदच्या मशीनवर. पूर्वी बाईंचा हात फार चांगला होता, असे जुनी माणसे सांगतात. आता नजर साथ देत नाही. त्यांनी लावलेल्या बाह्या खांद्याशी फुगत. यादम्मा त्या उचलून दाखवत. "अम्मा, ये आस्तीन हाथी के बच्चे कू है क्या?" मग यादम्माच त्या उसवत. ख्वाजाभाई म्हणत, "बाई, तुमारा पगार काटना पडता." बाई हसत आणि पुढची बाही घेत. दुसऱ्या कोणाला मात्र त्या मशीनवर बसू देत नसत.

अशात दत्तात्रयराव आले. मधल्या वर्षांत ते खूप थकले होते. डॉक्टरांनी मुकुंदला हळूहळू कामावर जायला हरकत नाही म्हटले होते, पण तो खाटेवरून उठत नव्हता. "आता त्याची वाट पाहू नका," ते म्हणाले. "जागा दुसऱ्याला द्या. मी त्याच्या वतीनं सांगायला आलो."

"त्याच्या वतीनं नको. नोकरी त्याची आहे. सोडायची तर तो सोडेल." बाईंनी मशीनवर कापड घातले. मला म्हणाल्या, "रिक्षा बघा."

सिकंदराबादच्या त्या घरात मुकुंद भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाई खुर्ची ओढून बसल्या. पर्समधून पगाराचे पाकीट काढून खाटेवर ठेवले.

"या महिन्याचा," त्या म्हणाल्या.

मुकुंदने वळून पाहिले नाही. तसाच म्हणाला, "मी कामावर नव्हतो."

"आजारी होतास. यादम्मांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनाही दिला होता. नियम आहे."

"हे पैसे बाबांचे आहेत ना?"

बाईंनी पाकीट त्याच्याजवळ सरकवले.

"पहिल्यापासून बाबांचेच असतील," मुकुंद म्हणाला. "मला वाटायचंच. माझा पगार झाला की घरात जरा जास्तच कौतुक व्हायचं."

बाईंनी दत्तात्रयरावांकडे पाहिले. "तुम्ही सांगा."

दत्तात्रयराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "मी घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांनी घेतले नाहीत."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तू जिन्यात बसला होतास. मग एकदा दिवाळीला गेलो. तेव्हाही खिशात परत घातले."

"एकदाही नाही घेतले?"

"एकदाही नाही रे. सगळा पगार तुझाच होता."

मुकुंद उठून बसला. पाकिटाला त्याने हात लावला नाही. बाईंना म्हणाला, "माझ्या मशीनवर कोण बसतंय?"

"मी."

"तुम्ही? बाह्या कोण लावतं?"

"मीच लावते. यादम्मा उसवतात."

मुकुंदचे खांदे हलले. तो हसतो आहे, हे मला जरा उशिरा कळले. दत्तात्रयराव चहा ठेवतो म्हणून आत गेले आणि लवकर बाहेर आले नाहीत.

शरयूबाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची नात आयटीत आहे, मराठी अडखळत वाचते. आजीबद्दलचे हे चार शब्द तिला कोणीतरी वाचून दाखवावेत. बाईंना उत्तम प्रकृती लाभो, त्यांची नजर निदान दुसऱ्याची वाकडी शिवण दिसण्याइतकी तीक्ष्ण राहो आणि आम्हा सगळ्यांना रागावायला त्या पुष्कळ वर्षे आमच्यात असोत. त्या कोणावर उपकार करतात, असे कोणी भाषणात म्हणू नये. त्यांना ते आवडणार नाही, आणि ते खरेही नाही. त्या काम देतात आणि कामाचा पगार देतात.

सिकंदराबादहून परतल्यावरचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आधी मुकुंद जिना चढून आला. बाई त्याच्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी दोरा तोडला, उशा उचलल्या आणि खुर्ची रिकामी केली. मुकुंद बसला. त्याने आधी बाईंनी लावलेल्या बाह्या उसवल्या.