उन्हाची खिडकी आणि माझं हांजी

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे एखादी खिडकी इकडची तिकडे झाली असेल. पण फजिती शंभर नंबरी माझीच!

सत्तर सालच्या आसपास मला सरकारी नोकरी लागली. साताऱ्याहून थेट चंदीगड. नोकरी अजून कच्ची. ढिल्लोंसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काम तो सीख लोगे मोरेजी, पर पक्के तब होगे जब सबसे घुल-मिल जाओगे."

आता मिसळायचं कसं? सगळे बोलणार पंजाबीत, आणि माझी हिंदीसुद्धा शाळेच्या पुस्तकातली. परत विचारावं, तर 'याला काही कळत नाही' असा शिक्का बसायची धास्ती.

मग युक्ती काढली. थंडीत जेवणाच्या सुट्टीत सगळे लॉनवर उन्हात शेंगा फोडत बसायचे. कुणीही काहीही बोलो, मी मान डोलवायची आणि म्हणायचं, "हांजी."

लोकप्रिय झालो हो! हेडक्लार्क बेदीजी रोज माझ्यापाशी मन मोकळं करायचे. ते उठले की स्टोअरचे चोप्राजी हजर. एवढं समजून घेणारा माणूस ऑफिसात दुसरा नाही, असं दोघांनाही वाटायला लागलं.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आत बेदीजी आणि चोप्राजी, दोघेही लालबुंद. प्रकरण मला नंतर कळलं. ऑफिसात ऊन येणारी खिडकी एकच, आणि तिथलं टेबल दोघांनाही हवं. दोघांनाही मी लॉनवर 'हांजी' म्हटलेलं, म्हणून दोघांचाही साक्षीदार मी!

साहेबांनी पंजाबीत काहीतरी विचारलं. त्यातलं मला फक्त माझं नाव कळलं. गेली नोकरी!

"हांजी," मी म्हणालो.

बेदीजी खूश. चोप्राजी उसळले, "मैनूं वी तां इहने हांजी केहा सी!"

मी घाईघाईने त्यांच्याकडे वळलो. "हांजी, हांजी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हिंदीत, अगदी सावकाश विचारलं, "मोरेजी, आपको पंजाबी आती है?"

प्रश्न डोक्यात शिरायच्या आत तोंड बोलून गेलं, सवयच लागलेली. "हांजी."

साहेब पगडी सावरत हसत सुटले. खिडकी त्यांनी मलाच दिली आणि नोकरीही तिथल्या तिथे पक्की केली!

असं बघू नका माझ्याकडे. बरं, हे शेवटचं माझ्या पदरचं. खिडकी मिळाली बेदीजींना. मी आणखी सहा महिने कच्चाच, आणि पंजाबी शिकायला माझं टेबल चोप्राजींच्या शेजारी, दाराच्या गार वाऱ्यात.

"मंजूर?" साहेबांनी विचारलं.

त्या ऑफिसात मला पुरता कळलेला हा पहिला प्रश्न. काय म्हणणार?

"हांजी."