कातळावर चालणारी सायकल

माझी वहिनी गेली तेव्हा भाद्रपद चालू होता. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा, कातळ शेवाळाने हिरवा आणि बुळबुळीत झालेला. माझं माहेर रत्नागिरीपासून आत, त्या सड्यापलीकडच्या वाडीत. मी लग्न होऊन शहरात आले होते. हे कोर्टात कारकून होते. माझा मोठा भाऊ मुंबईला सायकलींच्या कारखान्यात कामाला होता. लोखंडी नळ्या पितळेने झाळून सायकलीचे सांगाडे जोडायचे, हे त्याचं काम. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्याबरोबर बायकोच्या पहिल्या बाळंतपणासाठी तो रजा घेऊन घरी आला होता.

वहिनी माझ्याच वयाची. आमचं नातं नणंद-भावजयीचं कमी आणि मैत्रिणींचं जास्त होतं. ती अडली तेव्हा सुईणीने दुसऱ्या दिवशी हात टेकले आणि दादा डॉक्टरांना आणायला शहराकडे धावत सुटला. तो दुपारी आमच्या दाराशी आला तो चिखलाने माखलेला. मला एवढंच म्हणाला, "बायो, तू चल. ती तुझं नाव घेतेय."

डॉक्टर भला माणूस. पिशवी घेऊन लगेच सायकलवर बसले. दादा त्यांच्याबरोबर धावत होता, मी मागून चालत होते. शहराच्या वेशीपर्यंत रस्ता ठीक होता. पुढे पाखाडीच्या, सड्यावर चढणाऱ्या दगडी वाटेच्या, पायऱ्या लागल्या, तिथे दादाने सायकल खांद्यावर घेतली. वर सड्यावर डॉक्टर पुन्हा बसले. थोड्याच अंतरावर पायडल कातळाच्या उंचवट्याला आपटलं आणि ते आडवे झाले. पाय मुरगळला. मग सायकल तिथेच टाकून, दादाच्या खांद्यावर हात ठेवून, लंगडत लंगडत ते निघाले. मी त्यांना वाटेत गाठलं. तिघेही अंगणात पोचलो तेव्हा आईने वहिनीच्या उशाशी समई लावून ठेवली होती. मूलही गेलं होतं.

बारावं-तेरावं झाल्यावर दादा मुंबईला गेला नाही. ट्रंक घेऊन आमच्याकडे आला आणि ह्यांना म्हणाला, "तुमच्या परसातली लाकडं ठेवायची खोप मला द्याल का?"

"खोप घ्या की. पण करणार काय तिथे?"

"सायकल करायचीय. सड्यावर चालेल अशी."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. शोक माणसाला कुठेतरी नेतोच. खोपीत तरी तो माझ्या डोळ्यांसमोर राहणार होता.

त्याने आधी बांबूच्या कामट्या सुंभाने बांधून सांगाड्याचे नमुने केले. मी तांदूळ निवडत उंबऱ्यावर बसायचे आणि तो मला समजावून सांगायचा. विलायती सायकल सपाट रस्त्यासाठी असते, लांब आणि ऐसपैस. कातळावर तिची पायडलं आपटतात. म्हणून पायडलांचा दांडा वर उचलायचा. बसायची सीट एकदम खाली घ्यायची, कारण कातळावर बसून नाही, उभं राहूनच सायकल चालवायची. मागचं चाक जवळ ओढायचं, म्हणजे पुढचं चाक सहज उचलता येतं. हँडल रुंद, आणि पुढचं दातेरी चाक लहान, म्हणजे चढावर दम लागत नाही.

"आणि पडलास तर?" मी विचारलं.

"पाय लगेच जमिनीला लागेल. डॉक्टरांसारखं आडवं होणार नाही कुणी."

पहिला सांगाडा मानेशी, हँडल बसतं तिथे, तडकला. दुसऱ्याचे सांधे धरले, पण सायकल एका बाजूला ओढत होती. झाळायच्या भट्टीच्या धुराने माझी परसातली केळ काळवंडली. दादा जेवायला यायचा तेव्हा हातांना पितळेचा वास यायचा, आणि घास घेता घेता मध्येच थांबून तो बोटांनी ताटात रेघा मारायचा. हे सुरुवातीला चिडचिड करायचे. मग एकदा कोर्टातून येताना त्यांनी स्वतःहून नळी कापायची करवत विकत आणली आणि खोपीच्या दाराशी ठेवली.

थंडी पडली तेव्हा तिसरा सांगाडा तयार झाला. काळा रंग दिलेली, आखूड, मधेच उंच उचललेली ती सायकल बघून मलाही हसू आलं. दादाने ती मिरकरवाड्याच्या रस्त्याला काढली तेव्हा मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका थांबल्याच. एकजण ओरडली, "अगो बघा बघा! सायकल हाय का बेडकी?"

तेव्हापासून तिचं नाव बेडकी पडलं.

पण दादा पाखाडीच्या पायऱ्या बेडकीवर उभा राहून, पुढचं चाक उचलत, एकेक करून चढून गेला तेव्हा हसणारे गप्प झाले. संध्याकाळी पाखाडीशी माणसं जमायला लागली. शाळेतले मास्तर आले, आंब्याच्या बागा असलेले एक गृहस्थ मुलांना घेऊन आले. "पुन्हा एकदा चढून दाखवा" म्हणायचे. दादाला ते आवडायचं नाही. तो म्हणायचा, "बायो, ही माणसं डोंबाऱ्याचा खेळ बघितल्यासारखी बघतायत. कशासाठी केलीय ते कुणी विचारत नाही."

ज्यांच्यासाठी केली होती ते डॉक्टर एका सकाळी आमच्या परसात आले. कोट काढला, धोतराचा काचा घट्ट केला आणि बेडकीवर चढले. कुंपणापर्यंत गेले आणि उतरले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अरे, सायकल तू छानच केलीयस. पण हिच्यावर उभं राहायला तुझे गुडघे हवेत. माझं वय आता बसायचं झालं."

दादाचा चेहरा मला बघवेना. तो सायकलचं हँडल पुसत राहिला.

डॉक्टरच पुढे म्हणाले, "मी नाही, तू चालव. सड्यापलीकडचा निरोप तू मला वेळेवर आणलास तर मी डोलीने वेळेवर निघेन. आणि तापाचं, जुलाबाचं औषध तूच पोचव."

तसं सुरू झालं. दादा वाडीला राहायला गेला आणि सड्यावरून रोज ये-जा करायला लागला. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं निरोप द्यायला आमच्या माहेरी यायची. विषमज्वरातून उठलेल्या एका मुलाची आई आमच्या घरी परसातल्या मोठ्या काकड्या, तवसं, घेऊन आली, म्हणाली, "तुझ्या भावाची बेडकी नसती तर माझा पोर नसता." दादाच्या अंगावर हळूहळू मांस आलं. एकदा त्याला मी शीळ घालताना ऐकलं आणि आत जाऊन रडले.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शेजारच्या वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या आणि सुईणीला लक्षणं ठीक वाटेनात. दादाला निरोप लवकर मिळाला. तो बेडकीवरून सुसाट शहरात आला, डॉक्टर डोलीने लगेच निघाले, आणि कळा पुरत्या वाढायच्या आत तिच्या घरी पोचलेही. सगळं जसं व्हायला हवं होतं तसंच झालं.

आणि ती बाई गेली.

दादा तिथून थेट माझ्याकडे आला. मागच्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

"डॉक्टर बाहेर येऊन हात धूत होते," तो म्हणाला. "मी त्यांना विचारलं, साहेब, माझ्या घरी तुम्ही वेळेवर आला असतात तर? त्यांनी हात पुसून घेतले. मग म्हणाले, खोटं सांगून काय करू? हिच्यासारखंच तुझ्या बायकोचंही मूल आडवं होतं, सुईणीने तेव्हाच सांगितलं होतं मला. घरात, चुलीच्या धुरात, माझ्या या दोन हातांनी ते मला जमलं असतंच असं नाही. बहुतेक नसतंच जमलं."

मी त्याच्या शेजारी बसले.

"मला वाटत होतं कातळाने नेली तिला," दादा म्हणाला. "त्याच्यावर राग धरता येत होता गो. आता कुणावर धरू?"

तो तेव्हा रडला. वहिनीच्या वेळी तो रडला नव्हता. हे कोर्टातून आले, दारातूनच त्यांनी पाहिलं आणि आमच्या मुलांना घेऊन देवळाकडे निघून गेले.

दादाने बेडकी त्यानंतर चालवली नाही. वाड्यांवरून माणसं यायची, विनवायची. मीही बोलले, "अरे, तो तापातून उठलेला मुलगा विसरलास का?" तो म्हणायचा, "विसरलो नाही. पण माझ्याने पाय टाकवत नाही." शेवटी देवी काढणाऱ्या, वाडोवाडी देवीची लस टोचत फिरणाऱ्या, एका तरुणाने ती मागितली. दादाने त्याला पाखाडीवर नेऊन शिकवलं, उतारावर ब्रेक कसा धरायचा ते दाखवलं, आणि सायकल त्याच्या हवाली केली. दिवाळी झाल्यावर तो बोटीने मुंबईला परत गेला. दुसरं लग्न कर म्हणून आई तो निघेपर्यंत मागे लागली होती, ते त्याने ऐकलं नाही.

तो देवी काढणारा पुढे बरीच वर्षं सड्यावरच्या वाड्यांमधून फिरला. एकदा गणपतीला दादा आला असता दोघांची वाटेत गाठ पडली. दादाने सायकल उलटी करून सगळे सांधे बोटांनी चाचपले. खाऱ्या हवेने गंज चढला होता, पण झाळ कुठेही सुटली नव्हती. घरी येऊन त्याने मला एवढंच सांगितलं, "टायर बदलायला हवेत तिचे."

त्यानंतर तो कोकणात आला नाही. मुंबईला छातीच्या दुखण्याने तो गेल्याची तार आली. पावसाळा असल्यामुळे बोटी बंद होत्या. मला जाता आलं नाही, त्याचं सगळं शेजाऱ्यांनी केलं. मी वाडीला जाऊन आईजवळ राहिले. संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो, आणि सड्यावरून कुणी उतरताना दिसलं की ती मान वर करून बघायची.