शेवटाआधी उठणाऱ्या मावशी

कांदा हातात आला की मावशी आधी त्याची मान दाबून बघत. अंगठ्याने, एकदाच. मान बारीक आणि कोरडी लागली तर कांदा डावीकडच्या ढिगात, जाड लागली तर उजवीकडे. आणि नजर वर न उचलता म्हणत, "पिक्चरचंबी असंच. पयल्या पाच मिन्टांत मान दाबून बघायची. जाड लागली की समजायचं, माल टिकायचा न्हाई."

बी. ए. होऊन मी घरी बसलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे पदवी मिळाल्यावर पुढे काय करतात हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी राजुरीतल्या एका शेठजींच्या कांद्याच्या वखारीत काट्यावर बसलो. समोर दहाबारा बाया कांदा निवडत, मधोमध मावशी. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि नाव लगेच विसरल्या. त्यानंतर मी कायमचा 'बीए' झालो.

बाजारच्या दिवशी वखार बंद असे. मावशी नारायणगावला जात, पिशवीभर भाजी घेत आणि ती मांडीवर ठेवून टॉकीजात तीनचा खेळ बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या ढिगाभोवती तो पिक्चर पुन्हा लागे. नायक, नायिका, खलनायक, पोलीस, सगळे मावशीच. गाडीचा पाठलाग आला की त्या कांदे दोन्ही हातांनी फेकत आणि त्या दिवशी निवड भराभर होई. शेठजी गादीवरून म्हणत, "बाई, पुढल्या बाजारीबी मारामारीचाच बघा."

पण मारामारीच्या पिक्चरबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "डेंगळा हाय निस्ता," त्या म्हणत. डेंगळा म्हणजे फुलावर गेलेला कांदा, वर उंच दांडा आणि आतून पोकळ नळी. "हिरो बघ केवढा, आन् आत वारा."

प्रेमाचा पिक्चर म्हणजे पावसाळी लाल कांदा. रंग भारी, पण पंधरा दिवसांत कोंब येतो. विनोदी पिक्चर म्हणजे गोल्टी, बारका माल. दिसायला काही नाही, पण कालवणाला तोच लागतो. डबल रोलचा त्यांना खरा राग. "जोड कांदा त्यो. वरून येक दिसतोय, सोलला की दोन, आन् दोनीबी अर्धेच."

भुताच्या पिक्चरला त्यांनी काजळी म्हणून टाकलं होतं. वरून काळं, पुसलं की आत पांढरं फेक. अशाच एका पिक्चरमध्ये पांढऱ्या साडीतली बाई धुक्यातून आली, टॉकीजात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली, आणि मावशी शेजारणीला म्हणाल्या, "येवढी सफेद साडी कोनच्या साबनानं धुतली आसंल गं?" सगळं टॉकीज हसलं. बॅटरीवाला आला. मावशींनी त्यालाही तेच विचारलं.

देवाच्या पिक्चरला त्या चपला काढून बसत. एकदा उताराच्या फरशीवरून त्या चपला घसरत पुढे गेल्या, आणि अंधारात चाचपडून मावशी एक स्वतःची आणि एक परकी घालून घरी आल्या. परकी थोडी मोठी होती. "देवानं दिली," म्हणून दोन वर्षं वापरली.

उन्हाळी गोळा कांदा, जो साठवणीच्या चाळीत सहा महिने राहतो, तो मान मात्र घरगुती पिक्चरला. त्यातसुद्धा अट होती. "कांदा चिरताना येतंय त्या पान्याला म्या रडनं म्हनत न्हाई. समदं निवांत आस्ताना आलं पायजे."

असाच एक आईचा पिक्चर त्यांनी सांगितला. तीन मुलगे तीन दिशांना गेलेले, आई आजारी. शेवटी धाकटा परततो, दारातच आईच्या हातचं पिठलं मागतो, आणि ती म्हातारी खाटेवरून उठून चूल पेटवते. सगळ्या बायांच्या डोळ्यांना पदर लागले. वखारीवरच्या घराच्या गॅलरीत शेठाणी उभ्या होत्या. त्यांना टॉकीजात जाणं घरच्या रिवाजाने जमत नव्हतं, त्यामुळे मावशी सांगतील तोच त्यांचा पिक्चर. त्या खाली येऊन म्हणाल्या, "मावशी, ते चुलीचं परत एकदा सांगा."

मला राहवलं नाही. पुढच्या बाजारी मी तो पिक्चर पाहून आलो. शेवटी धाकटा परततो खरा, पण उशिरा. आई गेलेली असते. पिठलं नाही, चूल नाही.

सकाळी मी तावातावाने वखारीत गेलो. पदवीधर होतो, चूक दाखवणं हे मला कर्तव्य वाटत होतं. मावशींना काट्यामागे बोलावून सांगितलं. त्यांनी हातातल्या कांद्याची मान पुन्हा एकदा दाबून बघितली.

"मेली व्हय?"

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"बीए, आपल्या गावची गाडी साडेपाचला. पिक्चर सुटतोय सहाला. आन् म्हस माज्याबिगर कुनाला धार देत न्हाई. म्या आजवर येकबी शेवट बघितलेला न्हाई."

"मग सांगता ते?"

"आडीच तास त्या मानसांत बसते मी. फुडं काय करतील येवढं कळंना व्हय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "शेठानीला सांगू नगं रं."

मी नाही सांगितलं. तुम्हीही सांगितलं नसतं.

दोनेक वर्षांनी शेठजींकडे मोठा रंगीत टीव्ही आला, आणि एका रविवारी दुपारी तोच आईचा पिक्चर लागणार असल्याचं कळलं. शेठाणींनी सगळ्या बायांना बोलावलं. वखारीच्या ओट्यावर टीव्ही, खाली गोणपाटं. मावशी सर्वांत मागे बसल्या. एरवी मध्यभागी बसणारी बाई. येताना त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मला काट्यावरचं वजन चुकल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांची त्यांची पत त्या शेवटच्या अर्ध्या तासात जाणार होती.

शेठाणींनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलाय ना? आई उठते ना?"

"उठते," मी म्हणालो. बी. ए. झाल्यावरचं माझं पहिलं धडधडीत खोटं.

पिक्चर पुढे सरकला. आई खाटेवर, धाकटा बसमध्ये. पावणेसहाला मावशी उठल्या आणि लुगडं झटकलं.

"अहो बाई," शेठजी म्हणाले, "शेवट तर आता हाय."

"धारेचा टाइम झाला."

"आज एक दिवस जरा उशिरानं काढा की. शेवट सोडून कोण जातंय?"

मावशी पायरीवर थांबल्या. "शेठ, तुमी कांदा खाता का?"

"आम्ही जैन. आम्हाला चालत नाय, म्हाईत हाय की तुम्हाला."

"पन धंदा झ्याक चालतोय का न्हाई?"

सगळ्या बाया हसून हसून लोळल्या. शेठजी स्वतः उपरणं तोंडाला लावून हसले. हसता हसता सगळ्यांना हळूहळू काय कळत गेलं ते मी चेहऱ्यांवर पाहिलं. एक बाई दुसरीला कोपर मारून म्हणाली, "म्हंजे समदे शेवट हिचेच?" दुसरी म्हणाली, "गप बस. आय उठू दे."

मावशी कोपऱ्यावरून वळल्या. टीव्हीवर धाकटा गावच्या वेशीवर उतरला होता. शेठाणी उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"अगं, शेवट?" शेठजी म्हणाले.

"झालाय मागंच," शेठाणी म्हणाल्या. "त्यानं पिठलं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा मधोमध बसल्या होत्या. एकीने विचारलं, "मावशे, आता पुढच्या बाजारी कोनचा?"

पुढे मला पेठच्या शाळेत नोकरी लागली. मुलांना धडा शिकवताना मी शेवटचं पान बाकी ठेवतो आणि विचारतो, पुढे काय झालं असेल? तपासणीला आलेल्या साहेबांना ही नवी पद्धत वाटली. त्यांनी चांगला शेरा दिला. ती कुठून शिकलो हे सांगायला मी त्या दिवशी लाजलो. म्हणून इथे लिहितो.

म्हैस विकल्यावर मावशी येडगावला लेकीकडे राहायला गेल्या. त्या वारल्याचा निरोप आला तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या आणि मला पोचता आलं नाही. त्यामुळे तो शेवट मी पाहिलेला नाही. पण इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो होतो, पुढचं मला कळतं. नारायणगावच्या स्टँडवर साडेपाचची गाडी सुरू करून उभी आहे. कंडक्टर ओळखीचा, हाक मारतोय, "मावशी, चला राव, गाडी सुटली." मावशी टॉकीजच्या दारात आहेत, एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात देवाची. त्या गाडीकडे बघतात, मागे पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, "जा तू फुडं. आज बघूनच येते." आणि भाजीची पिशवी सावरत परत आत जातात.